नाळेला मीच होते

शनिवार, ११ जानेवारी २०२५

आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी हुमनाबादच्या शारदा वाचनालयाच्या हॉलला नवं कुलूप लागलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे कोणीतरी म्हणेलच, बाईंचं वय झालं, त्यांना नीट आठवत नसेल. माझं घड्याळ पुढेही नाही आणि मागेही नाही.

पर्समध्ये हॉलच्या परवानगीचं पत्र होतं, सचिवांच्या सहीचं आणि शिक्क्याचं. एकाआड एक सहा शनिवार, सहा माहितीपट, आणि प्रत्येकानंतर तो ज्याने केला त्याच्याशी गप्पा. पहिला २८ डिसेंबरला झाला. अकरा माणसं आली, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला. आज दुसरा. तो करणारी मुलगी, हर्षिता, एक रात्र आणि अर्धा दिवस प्रवास करून म्हैसूरहून आलेली. पाठीला बॅग लावून माझ्या शेजारी कुलपाकडे बघत उभी होती. तिला मराठी येत नाही. पण कुलूप कोणालाही वाचता येतं.

सचिव अंकुशरावांना फोन लावला. म्हणाले, "नाळे बरी, बाई. नाळे बघू." म्हणजे उद्या या. गृहस्थ घरात मराठी बोलतात, पण टाळायचं असलं की कन्नडमध्ये शिरतात. पूर्वी या कानडी मुलखात दारावर खडूने ‘नाळे बा’ लिहून ठेवत, भूत आलंच तर वाचून परत जावं म्हणून. अंकुशरावांच्या लेखी मी आता त्या वर्गात जमा.

पायरीवर एक म्हातारी बसली होती. धुतलेलं इरकल लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड. मला म्हणाली, "साक्ष कुटं घ्यायलेत, बाई?"

"साक्ष नाही. साक्ष्यचित्र आहे. सिनेमा."

"मंग पत्रकावर साक्ष कामून लिवलंय? पोरांनी वाचून दाखवलं."

पत्रकावरचा शब्द माझा. मराठीत याला माहितीपट म्हणतात. मला तो शब्द बेचव वाटतो. माहिती काय, बस स्टँडच्या खिडकीवरही मिळते. कन्नडमध्ये साक्ष्यचित्र म्हणतात. चौतीस वर्षं कोर्टात भाषांतरकार म्हणून काढल्यावर त्या शब्दाची किंमत मला कळते, म्हणून मी मराठी पत्रकावरही तोच छापला. लोकांना कळत नसेल तर त्याला मी काय करणार?

"दुबलगुंडीहून आलेय," म्हातारी म्हणाली. "एक साक्ष चुकलीय. ती परत द्यायचीय."

कोर्ट सोमवारी साडेदहाला उघडतं, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिलं आणि साडेपाचच्या बसने निघून गेली. नाव विचारायचं राहिलं.

तेव्हाच्या गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट शेवटच्या तासाला वहीत आभार लिहायला लावत. रोज निदान एक, नाहीतर बाकावर उभं राहायचं. सगळं सुटलं, ही सवय सुटली नाही. तर आजचे आभार हर्षिताचे. ती रडली नाही, आणि माझं पिठलं दोनदा मागून घेतलं.

रविवार, १२ जानेवारी

अंकुशराव घरी आले. चहा दिला. साखर कमी घातली.

"रागाला येऊ नका, बाई. कमिटी म्हणायली, साक्ष कुणाच्या विरोधात हाय?"

"कुणाच्याच नाही."

"मंग साक्ष कशापायी? उद्या पिच्चर बघून कुणी उठलं आन म्हणलं, वाचनालयाच्या मागच्या भिंतीचं काय झालं? त्ये बी रेकॉर्ड व्हायचं."

"मागच्या भिंतीचं काय झालं?"

"काय न्हाई," अंकुशराव म्हणाले आणि चहा बशीत ओतला. "आन बाई, हा तर बाळंतपणाचा पिच्चर. सुइणींचा. बायकांचं बायकांत ऱ्हाऊ द्यावं."

खरं सांगायचं तर विषय माझ्याही आवडीचा नाही. आमच्या शाळेत ते प्रकरण सिस्टर दोन पानं एकदम उलटून ओलांडत, आणि नंतर मला त्याची गरज पडली नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे प्रसूतिगृहात मी पाऊल टाकलं ते फक्त पेढे खायला. पण आपल्याला आवडत नाही म्हणून कोणी दाराला कुलूप लावत नाही. हे मी त्यांना सुनावलं. ते "नाळे बोलू" म्हणून उठले.

हर्षिता संध्याकाळच्या गाडीने गेली. २५ तारखेला ती पुन्हा या बाजूला येणार आहे. म्हणाली, कुठलीही जागा चालेल. पुढचे चौघे तिच्याच ओळखीचे, तिच्या शब्दावर येणार. पंचवीसला जागा नसेल तर त्यांना येऊ नका म्हणून कळवावं लागेल, आणि मालिका दुसऱ्याच शनिवारी संपेल. निवृत्तीनंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली, योगासनं, ती गुडघ्याने बंद पाडली. ही दुसरी.

आभार: सुचत नाहीत. उभी राहते.

बुधवार, १५ जानेवारी

श्रीशैल संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आला. हा मंडपवाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. माझ्या भाचीच्या लग्नापासून आमच्या घरचे सगळे मंडप त्याचेच. पहिल्या खेळाला पडदा आणि स्पीकर त्यानेच आणला होता, आणि भाड्याचं विचारलं की दुसरीकडे बघायचा.

"अक्का, जागा मी देतो. दुबलगुंडीला माझं गोडाऊन हाय."

"दुबलगुंडीला? त्या खेड्यात माहितीपट बघायला कोण येणार?"

"साक्ष म्हणल्यावर येतेत."

"उजेडाचं काय? सिनेमा दुपारी चारला आहे. म्हाताऱ्या माणसांना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं, त्यात मीही आले."

"काळं कापड लावतो. दिवसाच अंधार करतो, बगा."

त्या शब्दाने घोटाळा झालाय हे मलाही दिसत होतं. मी म्हटलं, आता पत्रक नव्याने काढायचंच आहे तर माहितीपट छापू का?

"न्हाई, न्हाई. साक्षच ऱ्हाऊ द्या," श्रीशैल इतक्या घाईने म्हणाला की मला नवल वाटलं. "आमच्याकडं बी एक राहिलीय."

मी म्हटलं, तुझी साक्ष काढायची तर भाड्याच्या खुर्च्यांची काढू, दर चारातली एक डुगडुगते. तो हसला. श्रीशैलला सिनेमाची एवढी हौस असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आभार त्याचे. आणि तिळगुळाचे, जरी माझा दात त्यात गुंतला.

सोमवार, २० जानेवारी

दुबलगुंडीत रिक्षातून पुकारा चालू आहे. मी स्वतः मजकूर लिहून दिला होता, दोन्ही भाषांत, शुद्ध. रिक्षावाल्या बंडेप्पाने तो खिशात ठेवला आणि आपलं डोकं चालवलं: "शनवारी चार वाजता श्रीशैलअण्णाच्या गोडाऊनमंदी साक्ष हाय. ज्याची त्यानं येऊन द्यावी. म्हैसूरच्या म्याडम ऐकून घेणार हायत. पिच्चर बी हाय."

फोन करून मी त्याला झाडलं. तो म्हणाला, "बाई, लोक तुमच्या पिच्चरला यायलेत का साक्षीला, त्ये तुमी बघू नका. यायलेत त्ये बघा."

फोन ठेवला. त्याचं वाक्य इथे जसंच्या तसं लिहून ठेवते. असं वाक्य वर्षातून एकदा ऐकायला मिळतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

हर्षिता आली. गोडाऊन बघून आलो. श्रीशैलने छतापासून जमिनीपर्यंत काळं कापड शिवून लावलंय. आत उभं राहिलं तर भर दुपारी स्वतःचा हात दिसत नाही. एवढी मेहनत तो लग्नाच्या मंडपातही घेत नाही.

रविवार, २६ जानेवारी

काल घरी आल्यावर वही उघडली नाही. आता शाळेच्या मैदानावरून झेंडावंदनाची गाणी येताहेत, तोवर लिहून काढते.

काल चार वाजता गोडाऊनमध्ये मी मोजली ती एकशे चौदा माणसं. निम्म्यांनी आधार कार्डं आणली होती. एकाने पहाणीचा, म्हणजे जमिनीचा, उतारा आणला होता. एकीचं रेशन कार्डावरचं नाव चुकलं होतं, ते तिला म्हैसूरच्या मॅडमकडून दुरुस्त करून हवं होतं. मी एकेकाला समजावत होते. श्रीशैल म्हणाला, "अक्का, बसू द्या. आधी बघू द्या."

माहितीपट अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तिकडच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या सुइणींचा. मी तो पाहिला नाही. अंकुशराव येऊन गोंधळ घालतील म्हणून मी दाराशी उभी होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. इथे खरं लिहायला हरकत नाही: मला पडद्यावरचं रक्त बघायचं नव्हतं. आवाज मात्र येत होता. आतल्या बायका मध्येच हसत, मध्येच चुकचुकत, जणू पडद्यावरच्या बायका शेजारच्या गल्लीतल्या आहेत.

नंतर गप्पा. हर्षिता खुर्ची सोडून सतरंजीवर बसली. मी मध्ये, माईक घेऊन. पहिले तीन प्रश्न कन्नडमध्ये आले. इथल्या सगळ्यांना दोन्ही भाषा येतात, तरी मी प्रत्येक प्रश्न मराठीत सांगत होते आणि हर्षितासाठी इथली कन्नड तिच्या म्हैसूरच्या कन्नडमध्ये. श्रीशैलने एकदा खूण केली, गरज नाही म्हणून. मी लक्ष दिलं नाही. काम म्हणजे काम.

मग वाचनालयाच्या पायरीवरची ती म्हातारी उठली. तेच इरकल, तीच पिशवी.

"नाव सांगा," मी म्हटलं. सवय.

"यल्लम्मा. सुईण. पोरं किती काढली त्ये मोजलं न्हाई." तिने कन्नडमध्ये सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला मराठीत आली, इथे सगळेच तसं करतात. "माजी साक्ष नेत्रावतीच्या बाळंतपणाची हाय. ज्वारी हुरड्यात आलती. गुरं परतायची येळ. नवरा आधीच गेल्ता तिचा. पुढं दिरानं कोर्टात घातलं, म्हणला, ह्ये पोरगं हिचं न्हाई, जमिनीसाटी भायरून आणलंय. मंग मला बोलावलं. म्या साहेबाला येवढंच सांगितलं, नाळेला मीच हुते."

मी हर्षिताकडे वळले आणि कन्नडमध्ये सांगितलं, "दुसऱ्या दिवशी मीच होते."

गोडाऊनमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं माईक बंद पडला.

यल्लम्मा म्हणाली, "ह्येच. कोर्टात बी ह्येच बोलल्ताव बाई तुमी."

मला अजूनही कळलं नव्हतं. बायकांच्या बाजूने कोणीतरी हळूच म्हणालं, "उद्याचं नाळे न्हाई, बाई. पोटातली नाळ."

कन्नडमध्ये नाळे म्हणजे उद्या. मराठीत नाळ म्हणजे नाळ. कान एका भाषेत असला की दुसऱ्या भाषेतला शब्दही त्याच भाषेत ऐकू येतो. हे मी नव्या भाषांतरकारांना स्वतः शिकवलं आहे. त्या साक्षीच्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते, नोकरीत नवी. न्यायाधीश साहेब दक्षिणेकडून आलेले, मराठीचा गंध नाही, आणि माझ्या कन्नडवर खूश. माझ्या आयुष्यात नाळ हा शब्द तोवर फक्त भाषणांत आला होता: मातीशी नाळ, समाजाशी नाळ. ती कोणीतरी कापतं, आणि कापायला तिथे कोणीतरी असावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हाही नाही आणि कालही नाही. बाळंतपणाचा माहितीपट संपून दहा मिनिटं झाली होती, तरी नाही.

हर्षिताने विचारलं, "मग काय झालं?"

यल्लम्मा आता सरळ तिच्याशीच बोलू लागली. हर्षिताला मराठी येत नाही, पण तिने मान माझ्याकडे वळवली नाही. "साहेबानं लिवलं, ही बाई सोताच म्हणती की मी दुसऱ्या दिशी गेलते, हिच्या बोलण्याला काय अर्थ न्हाई. गावात नाव पडलं माजं. उद्याची सुईण. कुणाच्या सुनेला कळा आल्या की सासू म्हणायची, तिला कामून बोलवायलाव, ती उद्याच्याला येती."

मागे एकजण हसला. त्याच्या शेजारच्याने त्याच्या मांडीवर थाप मारली आणि तो गप्प झाला.

"आणि जमीन?" मी विचारलं.

"मिळाली की," पडद्याजवळून श्रीशैल म्हणाला. "देवीच्या लशीच्या वहीत आईच्या नावापुढं माजं नाव निघालं, त्याच्यावर. पण अकरा वर्सं गेली."

"तुझं नाव?"

"नाळ माजीच हुती, अक्का."

मी खुर्ची शोधली. डुगडुगणारीच मिळाली. "तुला माहीत होतं? कोर्टात मी होते हे?"

"व्हय."

"इतकी वर्षं माझ्या दारात मंडप घालतोस आणि एका शब्दाने बोलला नाहीस?"

"म्या काय बोलू? साक्ष यल्लम्माअव्वाची हाय, माजी न्हाई."

मग मी उभी राहिले आणि माईकमध्ये भाषांतर पुन्हा केलं. नाळेला कन्नडमध्ये होक्कुळबळ्ळी म्हणतात. बेंबीची वेल. हा शब्द मला येत होता, शब्दकोशात पाठ केलेला होता, आणि तो वापरायला मला एक्केचाळीस वर्षं लागली. "नाळ कापायला मीच होते," मी कन्नडमध्ये म्हटलं. मग इंग्रजीत म्हटलं. त्या गोडाऊनमध्ये इंग्रजीची कोणालाही गरज नव्हती. पण मला आणखी एक भाषा येते आणि कमी पडू नये असं वाटलं.

यल्लम्माने मान हलवली, पावती घेतात तशी, आणि पिशवी उचलून खाली बसायला निघाली. हर्षिताने तिला थांबवलं. कन्नडमध्ये सगळ्यांना म्हणाली, "यांच्या हाताने ज्यांची नाळ कापली ते उभे राहा." मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण तोवर सतरंज्यांवरून माणसं उठत होती. पांढऱ्या मिशीचा एक. कडेवर नातू घेतलेली एक. बंडेप्पा रिक्षावाला. मघाशी हसला तो. श्रीशैल पडद्यापाशी उभाच होता, तो एक पाऊल पुढे आला.

यल्लम्मा त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बसा आता. मला काय कोंबड्या मोजायच्यात?"

हर्षिताने कॅमेरा बॅगेतून काढला नाही. परत येताना मी तिला त्याचं कारण विचारलं. म्हणाली, त्या एवढ्या वर्षांनी बोलल्या, त्यांच्या तोंडासमोर लगेच आणखी एक यंत्र कशाला धरायचं? पुढच्या महिन्यात एकटी येईन, त्यांनी हो म्हटलं तर.

आभार लिहायला बसले आणि यादी एवढी लांब झाली की सिस्टरांनी मला सुट्टी दिली असती. हर्षिता. बंडेप्पा, त्याच्या अशुद्ध पुकाऱ्यासह. श्रीशैल, त्याचा तर हिशेबच लागत नाही. आणि अंकुशराव. ते हॉलची किल्ली देते तर मी तिथेच अकरा माणसांना बसवून घरी आले असते.

मंगळवार, २८ जानेवारी

कोर्टात गेले. रेकॉर्डच्या खोलीत आता सिद्धेश्वर आहे. रुजू झाला तेव्हा मीच त्याला फाइल बांधायला शिकवलं.

"त्र्याऐंशीची साक्ष?" त्याने रजिस्टर काढलं. "नष्ट केली, बाई. मुदत संपली. ह्ये बगा, नियमाप्रमाणं."

"माझी चूक आहे त्यात. दुरुस्तीचा अर्ज द्यायचा आहे."

"कागदच ऱ्हायला न्हाई, तर चूक कुठली आन दुरुस्ती कुठली?" त्याने मला पाणी दिलं. "बाई, सुटलाव की तुमी."

घरी येऊन माळ्यावरची माझी त्या सालची डायरी काढली. सापडलं. शुक्रवार, १९ ऑगस्ट १९८३: "दुबलगुंडीचा जमिनीचा खटला. सव्वा अकराला सुईणीची साक्ष. पाच मिनिटांत संपली. बाई फारच थोडं बोलली. साहेबांनी माझ्या कन्नडची तारीफ केली. आभार: साहेबांचे."

पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. त्या साक्षीचा आता एवढा एकच कागद शिल्लक आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

दहाच्या बसने दुबलगुंडीला गेले. बोलायचं ते रात्रीच मनात तयार केलं होतं, मुद्देसूद. यल्लम्मा अंगणात हरभऱ्याचे डहाळे सोलत होती. मी उभ्यानेच सगळं म्हटलं: चूक माझी, अहंकार माझा, त्यापायी तुमचं काम गेलं आणि नाव गेलं. डायरीतलं पानही वाचून दाखवलं, साहेबांच्या तारिफेसकट. शेवटी विचारलं, "मला माफ करता का?"

तिने दोन घाटे सोलले. मग वर बघून म्हणाली, "नाळे सांगते."

आणि हसायला लागली. तोंडात दात नाहीत, त्यामुळे हसू अडायला जागा नव्हती. शेजारच्या घरातून दोघीजणी बाहेर आल्या, त्यांना सांगितलं, त्याही हसल्या. मी रागावणार होते. मग माझंही तोंड वाकडं झालं, आणि उभ्या उभ्या गुडघा दुखायला लागला म्हणून तिथेच दगडावर बसले. मूठभर डहाळे हातात मिळाले. दोघींनी मिळून टोपली संपवली. डहाळा कसा सोलायचा हेही मला नीट येत नाही, असं तिचं मत पडलं.

आभार: त्या दगडाचे. आणखी काय लिहायचं ते नाळे.

रविवार, ९ फेब्रुवारी

कालचा तिसरा खेळही गोडाऊनमध्येच झाला. माहितीपट तलावातला गाळ काढणाऱ्या माणसांवर होता. तो करणारा मुलगा कोल्हापूरचा, हर्षिताचा मित्र. तिने त्याला सांगून ठेवलं होतं की तिकडे आपण कमी बोलायचं. निर्णा गावाहूनही माणसं आली. या वेळी आधार कार्ड फक्त सहा जणांनी आणलं. गप्पा सव्वा तास चालल्या आणि मी भाषांतर चार वेळाच केलं, तेही कोणी मागितलं तेव्हा. मोकळ्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून चहाचे कप गोळा केले. मी माहितीपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला.

अंकुशराव आले होते. मागे उभे होते, बसा म्हटलं तर बसले नाहीत. संपल्यावर किल्ली पुढे केली. "बाई, पुढचा हॉलमंदी घ्या. कमिटी तयार हाय. भिंत बी बांधायलोय."

"नाळे बरी," मी म्हटलं.

हे म्हणताना जे सुख झालं ते पाप असेल तर सिस्टर बर्नाडेट वर बघून घेतील. पण त्यांना चहा दिला, आणि साखर पुरेशी घातली.

यल्लम्मा पहिल्या रांगेत होती. निघताना मी जवळ गेले. नुसतं बघितलं, विचारलंही नाही. ती म्हणाली, "नाळे, बाई, नाळे." शेजारी बसलेल्या गावातल्या एका पोटुश्या सुनेने तिचा हात धरला होता. ती सून मला म्हणाली, दवाखाना हुमनाबादचाच ठरलाय, पण अव्वा संगं येणार हाय. "आदल्या दिशीच," यल्लम्मा म्हणाली.

रविवार, १६ फेब्रुवारी

गुरुवारीही गेले होते. उत्तर तेच. आज नोटीस लिहिली. श्रीशैल उद्या दुबलगुंडीला जाणार आहे, त्याच्या हाती देते; तो तिला वाचून दाखवेल. नक्कल इथे ठेवते.

"श्रीमती यल्लम्मा, सुईण, मु. दुबलगुंडी, यांस.

विषय: दि. १९ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी सव्वा अकरा वाजता झालेल्या चुकीबाबत.

वरील दिवशी व वेळी आपण दिलेली साक्ष मी चुकीची सांगितली. आपण ‘नाळेला मीच होते’ म्हणालात. आपण खरोखरच होता. मी आपल्याला दुसऱ्या दिवशी नेऊन ठेवलं आणि आपण तिथे एक्केचाळीस वर्षं राहिलात. कोर्टाचा कागद आता उरलेला नाही, म्हणून ही दुरुस्ती मी माझ्या सहीने गावात देत आहे. दर खेपेला खेळ सुरू होण्याआधी ती मोठ्याने वाचली जाईल, मालिका संपेपर्यंत. मालिका आता सहावर संपवायची नाही असं ठरलं आहे, तेव्हा वाचन पुष्कळ दिवस चालेल.

आपण वाचनालयाच्या पायरीवर आलात आणि मी आपल्याला कोर्टाची वेळ सांगितली. तरीही आपण पुन्हा आलात. याबद्दल मी आपली आभारी आहे. एवढे आभार मी यापूर्वी कोणाचे मानल्याचं माझ्या कुठल्याही वहीत सापडत नाही, आणि मी सगळ्या काढून पाहिल्या.

माफीबाबत मी आपल्याकडे तीन वेळा समक्ष विचारणा केली आहे, त्यातली एक नुसत्या नजरेने. आपलं म्हणणं काहीही असो, ‘नाही’ असलं तरी, ते लेखी कळवावं. आपण सांगावं, श्रीशैलने लिहावं, खाली आपला अंगठा असावा. मी लिहून घेणार नाही. माझ्या भाषांतरावर आपला विश्वास नसणं योग्यच आहे.

उत्तर शनिवार, दि. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी चार वाजण्यापूर्वी, खेळ सुरू होण्याआधी, माझ्या हाती मिळावं.

‘नाळे’ हे उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही.

आपली,
मालती नाडगौडा
निवृत्त भाषांतरकार"